भीम आडवा झाला नाही

नागपूरहून वर्ध्याकडे निघालं की सेलूच्या अलीकडे केळझर लागतं. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक सिद्धिविनायक इथल्या टेकडीवर आहे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, आणि भीमाने बकासुराला मारलं ते इथेच, असं गावातलं शाळकरी पोरगंही छातीठोकपणे सांगतं. बिहारातल्या आऱ्याचा आणि बंगालमधल्या बीरभूमचाही एकचक्रेवर दावा आहे. त्या वादात आपण पडू नये. बकासुर नेमका कुठे जेवायचा हे ठरवण्यापेक्षा तो जेवायचा कसा, याकडे पाहणं माझ्यासारख्या आम्लपित्तवाल्याला जास्त उपयोगाचं आहे.

गाडाभर भात, गाडा ओढणारे दोन रेडे आणि वर एक माणूस, असा त्याचा आहार. पथ्याच्या कुठल्याही तक्त्यात हे बसत नाही. पण भीमाचं तरी काय वेगळं होतं? भिक्षेतून जे मिळे त्यातलं अर्धं एकट्या भीमाला, आणि उरलेल्या अर्ध्यात कुंती व चौघे भाऊ. बकासुरासाठी नेलेला गाडाही त्याने स्वतःच संपवला. मागून राक्षस पाठीवर गुद्दे घालत असताना शांतपणे जेवला, हात-तोंड धुतलं, मग उठला. डॉक्टरांच्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणात भीमाने एकच गोष्ट बरोबर केली. एवढं जेवण झाल्यावर तो आडवा झाला नाही, दुसऱ्याला आडवं केलं.

आपलं नेमकं इथेच चुकतं. आमच्याकडे देवस्थानाला जायचं म्हणजे रोडगे आलेच. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे फोडायचे, त्यावर तूप ओतायचं, सोबत वरण आणि तेलाचा तवंग आलेली वांग्याची भाजी. पहिली पंगत बसायची बाराला, ती बसते अडीचला. तोवर चहा तीनदा झालेला असतो. मग भुकेचा सूड उगवल्यासारखं जेवण, आणि लगेच झाडाखाली अंथरलेली सतरंजी. अर्ध्या तासाने सतरंजीवरून पहिला आवाज येतो, "बाप्पा, छातीत लय जळून राहिलं."

जळतं त्याचं कारण अगदी साधं आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. लग्नमंडपाच्या दारावर उभ्या केलेल्या माणसासारखं त्याचं काम: आत जाणाऱ्याला सोडायचं, बाहेर येणाऱ्याला अडवायचं. जठराला आतून आम्ल सोसणारं अस्तर असतं, अन्ननलिकेला तसलं नसतं. पोट तुडुंब भरलं की आतला दाब वाढतो, कडं सैल पडतं आणि आम्ल वर येतं. उभं असताना निदान वजनामुळे तरी ते खाली राहतं. आडवं झालो की तीही सोय संपली.

हे एकदा लक्षात आलं की दोष सगळा मिरचीवर टाकता येत नाही. विदर्भात तिखटाला दोष देणं म्हणजे घरच्याच माणसाविरुद्ध साक्ष देणं, त्यामुळे माझा थोडा पक्षपात आहे हे मान्य. काहींना तिखट खरंच बाधतं, काहींना ठेचा खाऊनही काही होत नाही. पण तर्रीपोह्यांतली तर्री किंवा सावजी रस्सा यांत तिखटाइतकंच तेलही असतं, आणि तेला-तुपाचं जेवण पोटात जास्त वेळ थांबतं. जेवणावर खर्रा चघळणाऱ्यांनी तर हेही ऐकावं की तंबाखूतलं निकोटिन ते कडं आणखी सैल करतं. मी हे पानठेल्यावर एकदा सांगून पाहिलं. सगळ्यांनी खर्रा घोटता घोटता माना डोलावल्या.

छातीत जळतंय म्हणावं, की सल्ल्यांना तोटा नसतो. थंड दूध घ्या. त्याने क्षणभर बरं वाटतं खरं, पण दूध पचवायला पोट पुन्हा आम्ल तयार करतं. पेपरमिंट चघळा. पुदिन्याच्या अर्काने तर कडं सैलच होतं. सोडा घ्या. त्याने झकास ढेकर येते, पण त्यात सोडियम असतं, म्हणून रक्तदाबवाल्यांनी तो सरबतासारखा पिऊ नये. एक काका म्हणाले, "काई घेऊ नका जी, पित्त आपोआप बसते." घरगुती औषधांपैकी हे मला सर्वांत कमी अपायकारक वाटलं.

आम्लपित्त काही आजकालचं नाही. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या 'माधवनिदाना'त त्याचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि विरुद्ध, आंबट, जळजळ करणारं अन्न ही कारणंही दिली आहेत. आणि उपायाची उदाहरणं शोधायला वर्धा जिल्ह्याच्या बाहेर जावं लागत नाही. 1936 साली सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींनी 1915 च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यातच व्रत घेतलं होतं: चोवीस तासांत पाचांपेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर खायचं नाही. हेतू संयमाचा होता, पण झोपेआधी पोट रिकामं ठेवणारा याहून सोपा नियम कुठला? केळझरवरून वर्ध्याला जाताना वाटेत पवनार लागतं. तिथल्या विनोबांना पोटाच्या अल्सरचा जुना त्रास होता. दूध-दही, मध असा आहार ते मोजून, थोडा थोडा घेत, आणि तेवढ्यावर 1951 पासून तेरा वर्षं देशभर पायी फिरले. गाडाभर भात आणि वाटीभर दही, दोन्ही एकाच रस्त्यावर, काही कोसांच्या अंतराने! आपण सगळे या दोहोंच्या मधे कुठेतरी, बहुतेक केळझरच्या बाजूला.

माझ्या मते पथ्य मोडतं ते जिभेमुळे कमी आणि आग्रहामुळे जास्त. "घ्या न जी, एक रोडगा तं घ्या, काई होत नाई," असं म्हणणाऱ्या मावशीला जठराचं शास्त्र समजावता येत नाही. नाही म्हटलं तर भाजी बिघडली का, इथपासून चौकशी सुरू होते. जावई असाल तर बोलायलाच नको. डॉक्टर कागदावर 'थोडं थोडं खा' असं लिहून देतात, पण पंगतीत वाढणाऱ्याला तो कागद कोण दाखवणार?

तरी जमेल तेवढं जमवावं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्यावेत. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवून तो 15 ते 20 सेंटिमीटर उंच करावा. उशीवर उशी रचली तर नुसती मान दुखते. डाव्या कुशीवर झोपावं, म्हणजे जठर खाली राहतं आणि अन्ननलिकेचं तोंड वर. पोट सुटलं असेल तर वजन थोडं कमी केल्यानेही पुष्कळ फरक पडतो. कमरेचा पट्टा एक भोक सैल करावा, पण त्याचा अर्थ आणखी जागा झाली असा घेऊ नये. आपल्याला काय बाधतं ते आपणच महिनाभर वहीत लिहून ठेवावं, शेजाऱ्याच्या वहीवरून आपलं पथ्य ठरवू नये.

आणि काही बाबतीत विनोद बाजूला ठेवावा. घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, काळी शौच, उलटीत रक्त, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टर गाठावा. छातीतलं दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नये, थेट दवाखान्यात जावं. गोळ्याही स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षं चालू ठेवण्याच्या नसतात.

बाकी रोडगे खा, ठेचाही खा, पण दोन घासांची जागा राखून उठा. आणि वाढणारे तुम्ही असाल, तर पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला की तो खराच धरलाय असं समजा आणि पुढच्या ताटाकडे वळा.