खोलून तर बघा!

गाडीचा स्टिरिओ बंद पडला की सर्व्हिस सेंटरमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, ‘युनिट बदलावं लागेल, सर.’ तोवर कुणी एक स्क्रू फिरवलेला नसतो, फ्यूज काढून पाहिलेला नसतो. संगणकात पार्ट नंबर टाकायचा, किंमत वाचून दाखवायची आणि जॉब कार्डावर सही घ्यायची. निदानाच्या नावाखाली चाललेल्या या विक्रीची मला चीड येते.

आमच्या ताईची गाडी सहा वर्षांची. खड्ड्यात आदळली की स्टिरिओची स्क्रीन काळी व्हायची, आवाज जायचा आणि पुढच्या खड्ड्याला दोन्ही परत यायचं. धक्क्याने जाणारी आणि धक्क्यानेच येणारी वस्तू आतून कुठेतरी सैल झालेली असते, हे वायरमनच्या हाताखालचा पोरगाही सांगेल. सेंटरने अंदाज दिला ४२ हजारांचा, लेबर वेगळं.

‘दुरुस्त नाही का होणार?’ ताईने विचारलं.

‘मॅडम, खोलायची परवानगीच नाही आम्हाला. आणि बाहेर खोललंत तर वॉरंटी जाईल.’

सहा वर्षांच्या गाडीची कसली वॉरंटी! ती केव्हाच संपलेली. तरी धाक घालायचाच.

ताई पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेली. तिथल्या कारागिराने आधी गाडीतच मल्टिमीटर लावला. बॅटरीचा कायमचा पुरवठा, चावी फिरवल्यावर येणारा पुरवठा आणि अर्थ, तिन्ही ठीक. फ्यूजही शाबूत. मग डॅशबोर्डची फ्रेम उचकटून स्टिरिओ टेबलावर घेतला, झाकण काढलं आणि मागच्या कपलरच्या पिना भिंगाखाली धरल्या. एका पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसत होती. तिथलं सोल्डर तडकलं होतं. त्याने जुनं सोल्डर ओढून काढलं, नवं भरलं, शेजारच्या पिनाही पक्क्या करून घेतल्या. बिल झालं ६०० रुपये. नळाचा वायसर गेला म्हणून कुणी अख्खी पाइपलाइन बदलत नाही, मग इथेच का बदलायची?

प्रत्येक स्टिरिओ इतक्या स्वस्तात सुटेल असं मी म्हणत नाही. आत पाणी शिरलं असेल, मुख्य चिप जळली असेल तर युनिट बदलणंच बरं. पण ते खोलल्यावर कळणार ना? सेंटरमधल्या मुलांवर राग काढण्यातही अर्थ नाही. त्यांच्या हाती सोल्डरिंगचं साधन दिलेलंच नसतं. त्यांना शिकवलं जातं ते भाग बदलायला. शिवाय नव्या गाड्यांत एसी, मागचा कॅमेरा, सगळं त्याच स्क्रीनवर आणून ठेवलंय. काही गाड्यांत तर दुसऱ्या गाडीचं चांगलं युनिट आणून बसवलं तरी ते चालत नाही. गाडीच्या संगणकाशी त्याची ओळख करून द्यावी लागते आणि ते सॉफ्टवेअर कंपनीच्या गोटातच असतं. कुलूप त्यांचं, किल्लीही त्यांचीच.

ही मक्तेदारी सरकारदरबारी कुणाला ठाऊक नाही असंही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं त्या खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, हा ठपका. बाहेरच्या मेकॅनिककडे गेला म्हणून ग्राहकाची वॉरंटी सरसकट रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं. काउंटरवरचा धाक मात्र ताईने परवाच ऐकला. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं आणि त्यात मोटारीही घेतल्या. चांगलं झालं. पण तपकीर गल्लीतल्या त्या कारागिराला पोर्टलपेक्षा बोर्डाचा सर्किट डायग्राम हवाय, स्क्रीनची सुटी रिबन केबल हवी आहे, आणि तीही रीतसर पावतीवर. आज तो हे सगळं भंगारातल्या युनिटांतून शोधतो. त्याचं कसब देशाच्या कामाचं आहे. कंपन्यांना हे भाग विकायला भाग पाडलंच पाहिजे.

तोवर काउंटरवर गप्प बसू नका. काय तपासलं आणि नेमकं काय बिघडलं, हे जॉब कार्डावर लिहायला लावा. अंदाज लेखी घ्या. काढलेलं युनिट परत मागा. वॉरंटी जाईल म्हणाले, तर कोणत्या अटीनुसार, ते सही-शिक्क्यानिशी मागा. टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला एक पैसाही फी लागत नाही.