बुडाखालचं प्रकरण

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर जरा जवळ सरका, हे मोठ्याने बोलायचं प्रकरण नाही. अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडात ती मंडळी आहेत ना, गॅरेजात स्वतःच्या हातांनी कयाक बांधणारी? लाकडाचा सांगाडा करून त्यावर कापड शिवणारी? ती म्हणे आता गाद्या करतायत. गाद्या! तेही रात्री, शटर ओढून!

आधी त्यांचं सोवळं सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. या मंडळींना खिळा चालत नाही. स्क्रूचं नाव काढलंत तर कानांवर हात. काठाच्या दोन लांब पट्ट्यांना खोबणी पाडायची, फासळ्या वाफेवर मऊ करून हातांनी वाकवायच्या आणि त्या खोबणींत बसवायच्या. मग एकेक सांधा दोऱ्याने आवळायचा. वरून कापड ताणून सुईने शिवायचं. एच. सी. पीटरसन यांचं १९८६चं ‘स्किनबोट्स ऑफ ग्रीनलंड’ उशाशी, आणि तोंडी सतत ग्रीनलंडचे शिकारी. त्या शिकाऱ्यांकडे झाडंच नव्हती. समुद्राने वाहून आणलेल्या ओंडक्यांतून ते बोट काढायचे आणि वर सीलचं कातडं चढवायचे. आमची मंडळी कातड्याच्या जागी नायलॉन लावतात, त्यावर पॉलियुरेथेनचा लेप देतात. तिथे सोवळं कसं सुटलं, हे मात्र विचारायचं नाही.

तसं ते फार पूर्वीच सुटलंय म्हणा. फ्रीमन डायसन हे मोठे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचे चिरंजीव जॉर्ज व्हँकुव्हरजवळ एका डग्लस फर झाडावर सुमारे ९५ फूट उंचीवर घर बांधून राहिले आणि अल्युशियन बेटांच्या धर्तीच्या बोटी बांधू लागले. सांगाडा कशाचा? अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा! पण ते झाडावर राहणारे. त्यांना कोण बोलणार?

असो. तर बोट तयार होते. पंधरा किलोच्या आसपास वजन, एका खांद्यावर पेलते. शेजारीपाजारी फोटो काढतात, साहेब आत बसतात, वल्हं मारत निघतात. आणि थोड्याच वेळात काठाला परत! उतरायला पाहतात तर पाय आपले नाहीतच. मुंग्या, मुंग्या आणि मुंग्या. दगडावर टेकून मांड्या चोळत बसतात आणि विचारलं तर म्हणतात, “निसर्ग न्याहाळतोय.”

होतं काय, तर तळाला नुसत्या फासळ्या आणि दोन-चार लांब पट्ट्या. बुडाची हाडं नेमकी त्यांवर येतात. पाय सरळ पसरलेले, त्यामुळे मांडीच्या मागचे स्नायू ताणून कंबर मागे ओढतात आणि पाठीला पोक येतो. त्यात बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतली की नस दबलीच समजा. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत वीस वर्षं काढलेल्या माणसाची ही गत व्हायचीच.

मग सुरू होतात रात्रीचे उद्योग. घरातून योगाची चटई नाहीशी होते. कॅम्पिंगची हवेची गादी सापडत नाही. सापडते तेव्हा अर्धी कापलेली असते. सगळ्यात प्रतिष्ठित पंथ मिनिसेल नावाच्या फोमवाल्यांचा. पाणी न पिणारा दाट फोम, त्याचा चांगला जाड ठोकळा आणायचा आणि कानशीने कोरायचा. थोडं घासायचं, बसून बघायचं, उठायचं, पुन्हा घासायचं. काळा भुसा केसांत, चहात, मांजराच्या अंगावर. दुसरा पंथ झोळीवाल्यांचा: पट्ट्यांची झोळी सांगाड्याला टांगायची आणि ‘वजन किती वाचलं’ हे सगळ्यांना सांगत सुटायचं. तिसऱ्या पंथाचं तर बोलायलाच लाज वाटते. कचऱ्याच्या जाड पिशवीत फुगणारा फोम सोडायचा, पिशवी बोटीत ठेवायची आणि तो फुगत असताना त्यावर जाऊन बसायचं! ठसा नीट उठेपर्यंत हलायचं नाही. दाराची बेल वाजली तरी नाही.

आणि भांडणं कशावरून? उंचीवरून. गादी दोन-तीन सेंटीमीटर वाढली की आधीच अरुंद बोट डुगडुगायला लागते, म्हणून मऊपणा हवा पण जाडी नको. पाठीवरून तर अबोलेच धरतात. टेकायला उंच पाठ लावली तर मागच्या डेकवर उताणं पडून बोट पालथी-सुलटी करण्याचा ग्रीनलंडचा प्रकार जमत नाही. म्हणून पोक्त मंडळी कमरेपाशी रुंद पट्टा बांधून भागवतात आणि उंच पाठवाल्यांकडे दयेने बघतात. त्यातून कुणी फोम थेट कापडावर चिकटवला तर मात्र मी स्वतः वाळीत टाकीन. गादीचा भार सांगाड्यावर हवा. कापडावर आला की तळाला पोट सुटतं, आणि मध्ये अडकलेली वाळू कापड घासत राहते. गादी काढून झटकता आली पाहिजे.

बरं, ज्यांच्या नावाने एवढं सोवळं, ते शिकारी कशावर बसत होते? केसाळ कातड्यावर! बुडाखाली कातड्याचा तुकडा घालायला त्यांना काहीच संकोच नव्हता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांची बोट माणसाच्या मापाने बेतलेली असायची. लांबी पसरलेल्या हातांच्या तीन वावांएवढी, बसायच्या जागी रुंदी नितंब अधिक दोन मुठी, असा हिशेब सांगतात. आमची मंडळी पुस्तकातल्या कुणा अनोळखी सडपातळ गृहस्थाच्या मापाने सांगाडा बांधतात, वर्षभर दोरे आवळतात आणि आपलं बूड कुठे मावणार हा विचार सगळ्यात शेवटी करतात. गादीत पाप नाही हो. ती शेवटी आठवते, हे पाप!

तेव्हा तुमच्या घरात कुणाला हा नाद लागला असेल, तर मनाला लावून घेऊ नका, योगाची चटई मात्र कुलपात ठेवा. आणि त्यांना एवढंच सांगा, कापड चढवण्याआधी सांगाडा दिवाणखान्यात आणून ठेवा, गादी घाला आणि आत बसून एक अख्खा सिनेमा बघा. पाय झोपले तर मांडीवरची आडपट्टी सरकवायची वेळ तीच. कापड शिवून लेप बसला की ती हलत नाही.