प्रमाण एसक्यूएल बोलतं कोण?

दर बारा कोसांवर भाषा बदलते. आमच्या इस्लापूरला तेवढीही वाट बघावी लागत नाही. सहस्रकुंडापाशी पैनगंगा ओलांडली की विदर्भ, किनवटच्या पुढं सरकलं की तेलंगणा. त्यामुळं डेटाबेसशी बोलायची एसक्यूएल ही जगभर चालणारी एकच भाषा आहे, असं कॉलेजात शिकवलं तेव्हाच शंका यायला हवी होती.

ही भाषा आयबीएममध्ये १९७४ साली चेंबरलिन आणि बॉइस यांनी मांडली. १९८६ला अमेरिकेत तिचं प्रमाण ठरलं, १९८७ला आयएसओनं शिक्का मारला. डेटाबेस नियम पाळतो का, हे अमेरिकेतली निस्ट ही सरकारी संस्था तपासायची. १९९६च्या सुमारास तिनं ते बंद केलं. तेव्हापासून ज्यानं त्यानं आपला दाखला आपणच द्यायचा.

माझा धंदा एका डेटाबेसातला माल दुसऱ्यात हलवण्याचा. पहिल्या दहा ओळी हव्यात, एवढं साधं मागणं, पण डेटाबेसागणिक रीत वेगळी. एसक्यूएल सर्व्हरला ‘टॉप’ सुरुवातीलाच सांगायचं, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसला ‘लिमिट’ शेवटी. ओरॅकलपुढं वर्षानुवर्षं ‘रोनम’ची आळवणी. प्रमाणानं ‘फेच फर्स्ट’ दिलं २००८ला. तोवर सगळ्यांच्या सवयी पक्क्या झाल्या होत्या.

चुलते ओसरीवर बसून हे बघतात.

“एकच भाषा हाय म्हनलास ना? मग दिवसभर काय करायलास?”

मी त्यांना दोन उभ्या दांड्या दाखवल्या. प्रमाणाप्रमाणे त्या मजकूर जोडतात. पोस्टग्रेसमध्ये गाव आणि तालुका जोडला, आलं ‘इस्लापूरकिनवट’. तेच मायएसक्यूएलला दिलं. तिथं मुळात त्या दांड्यांचा अर्थ ‘किंवा’. इस्लापूर किंवा किनवट? उत्तर: शून्य. सोबत इशारा पुटपुटतो, पण तो वाचतो कोण?

“गावच गायब केलं की रे!” चुलते म्हणाले.

ओरॅकलची तऱ्हा त्याहून न्यारी. रिकामा मजकूर आणि ‘नल’, म्हणजे माहीतच नाही, हे त्याला सारखंच. टोपणनाव नसलेली माणसं शोधायला रिकाम्या अवतरणाशी तुलना केली, तर एकही ओळ येत नाही. आमच्या गावापुरतं ओरॅकलचं बरोबर आहे. इथं टोपणनाव नसलेला माणूस नसतोच. तुम्हाला ते माहीत नसतं.

“मग परमान भाषा बोलतंय कोन?”

“कुणीच नाही. मानतात मात्र सगळे.”

या धंद्यात मला ‘टॉप’ आणि ‘लिमिट’ची भीती वाटत नाही. तिथं चुकलं की डेटाबेस लाल अक्षरात बोंब मारतो, आपण दुरुस्त करतो, चहा पितो. धास्ती वाटते ती न कुरकुरता चालणाऱ्या क्वेरीची. म्हणून माल हलवला की अडलेल्या क्वेरी मी नंतर बघतो. पहिल्या फटक्यात चाललेल्या आधी तपासतो.