सहजतेचा क्रॅश कोर्स

नोव्हेंबरात कॅट होते आणि आयआयएमच्या मुलाखतीचं बोलावणं आलेला उमेदवार साधारण जानेवारीपासून स्वतःसारखं दिसण्याचा सराव सुरू करतो. या कामी पुण्या-मुंबईतल्या क्लासेसचे राष्ट्रावर उपकार आहेत. 'तुमच्याबद्दल सांगा' या प्रश्नाला, बावीस-तेवीस वर्षं स्वतःसोबत काढलेला मुलगा एकट्याने काय उत्तर देणार? तिथे अनुभवी माणूसच हवा.

उणिवांचा विभाग तर विशेष स्तुत्य. आळस, विसराळूपणा, भित्रेपणा असल्या गावठी उणिवा इथे जमा करून घेतात आणि बदल्यात 'मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे' ही धुऊन इस्त्री केलेली उणीव देतात. छंदही मिळतो. वाचन निवडल्यास पुस्तकाचा सारांश मोफत. चार वर्षं इंजिनिअरिंग करून एमबीए कशाला, याचं उत्तर हजारो हृदयांतून एकाच वाक्यात उमटतं. एवढी एकात्मता शाळेतल्या प्रतिज्ञेनंतर इथेच. आता पॅनेलवरच्या प्राध्यापकांनाही याच क्लासला घालावं. मग दोन्ही पक्षांनी समोरासमोर यायचीही गरज नाही; क्लासवाले परस्पर मिटवतील.

एका मॉक इंटरव्ह्यूत मात्र गालबोट लागलं. 'एमबीए का?' यावर सांगोल्याचा मुलगा म्हणाला, 'पगार चांगला मिळतो म्हणून, सर.' खोलीत कुणी बोलेना. सरांनी तेवढं ते वहीत टिपून घेतलं.

पुढच्या बॅचपासून 'प्रामाणिकपणा' हे स्वतंत्र मॉड्यूल आहे. फी वेगळी, अधिक १८ टक्के जीएसटी.