साहेब जेवायला गेलेत

महाराष्ट्र शासनाने जून 2019 मध्ये एक धाडसी आदेश काढला. कर्मचाऱ्यांनी दुपारी 1 ते 2 च्या दरम्यान जेवून घ्यावं, पण फार तर अर्धा तास. सरकार जनतेच्या पोटाकडे बघत नाही, असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारण्यासारखा कागद! पुढे 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला, कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. त्यातही हा अर्धा तास शाबूत राहिला.

गोम एवढीच, की 1 ते 2 मधला अर्धा तास नेमका कुठला, हे ज्याने त्याने आपल्या भुकेप्रमाणे ठरवायचं. फाईलवाला एकला उठतो. तो परत येतो तेव्हा शिक्केवाला उठलेला असतो. शिक्केवाला येतो, तोवर सहीवाले साहेब हात धुवायला गेलेले. प्रत्येकाने अर्धाच तास घेतला, ती मर्यादा कोणीच मोडली नाही, आणि घड्याळात अडीच वाजले. हजेरीच्या अंगठा-मशीनला याची खबर नसते. त्याची गाठ सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या दिवसाशी त्याला देणंघेणं नाही.

नीट बसून जेवल्याने कामाला हुरूप येतो म्हणतात. आमच्या रायगडातल्या एका कार्यालयात मी तो येताना पाहिला आहे. टेबलावरच्या फायली बाजूला सारून वर्तमानपत्र अंथरलं जातं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि कोणी जवळ्याची चटणी आणली असेल तर विचारूच नका. पुढचे चार दिवस कागदांना जवळ्याचा वास येतो. त्यामुळे आपला अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय ते नाकाने कळतं, माहितीचा अधिकार वापरावा लागत नाही. पारदर्शक कारभार आणखी वेगळा काय असतो?

बाहेर बाकावर सकाळच्या एसटीने आलेले आजोबा बसलेले असतात. ते जेवायला उठत नाहीत. उठले आणि नेमकं तेव्हाच नाव पुकारलं तर? त्यामुळे त्यांची पचनसंस्था उत्तम राहते.

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत मात्र घड्याळ कडक. 1948 च्या कारखाना कायद्याने सांगून ठेवलं होतं की सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने या पाचाचे सहा करायचं ठरवलं, आणि नऊ तासांच्या दिवसाचे बारा. पोटाला तसं कळवल्याचं ऐकिवात नाही. कचेरीत अर्धा तास ही कमाल मर्यादा, कारखान्यात ती किमान. प्रत्यक्षात कमाल ताणली जाते आणि किमान आवळली जाते. हातपाय धुऊन रसायनाचा वास घालवायचा, कॅन्टीनच्या रांगेत उभं राहायचं, आणि चौथा घास तोंडात असताना सुपरवायझर दारात.

पेणला तर ही भानगडच नाही. चतुर्थी महिन्यावर आली की पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत दुपार नावाची वेळच उरत नाही. गणपतीच्या हातातला मोदक रंगवताना कारागिराची भाकरी कोपऱ्यात वाळत असते. बाप्पाच्या पुढ्यातल्या उंदराचीसुद्धा लाडवाची सोय झालेली असते. डोळ्यांची आखणी करताना हात हलून चालत नाही, आणि रिकाम्या पोटी हात हलतो. तरी बाप्पा समोरच्याकडे नीट बघताना दिसतो, ही त्याचीच कृपा.

असाच एक कारागीर मागच्या भाद्रपदाआधी दोनच्या सुमारास रंगाचे हात पुसून पाटावर बसला. सुकटीच्या कालवणात भाकरी बुडवली, तेवढ्यात दारात गाडी थांबली. एक साहेब आपल्या घरच्या मूर्तीचं काम कुठवर आलंय ते बघायला उतरले. कारागिराने ताटावरूनच "पाच मिनिटं बसा साहेब" म्हटलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सोबतच्या शिपायाला म्हणाले, "बघ, जेवणाच्या सुट्टीतून मुद्दाम वेळ काढून आलो, आणि हा जेवत बसलाय!"