आधी रविवार ठरवा

उभ्या महाराष्ट्राला सायकलवरून उतरवून स्कूटरवर बसवण्याचं पुण्य (की पाप, ते ज्याने त्याने आपापल्या गुडघ्यांना विचारावं) ज्या गावांच्या खात्यावर जमा आहे, त्यांत आकुर्डीचं नाव बरंच वर लागेल. 1972 साली बजाजची चेतक आली आणि पुढे कित्येक वर्षं लोक नंबर लावून तिची वाट बघत बसले. मुलाच्या बारशाला नंबर लावावा आणि मुंजीला चावी हातात पडावी, असा तो काळ. ती स्कूटर बनवणारे कितीतरी हात मात्र पाळी सुटल्यावर सायकलचंच हँडल धरून घरी जात. आता चाक उलटं फिरलं आहे. शनिवारी पहाटे निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात जाऊन बघा. डोक्यावर हेल्मेट, पाठीशी लुकलुकणारा लाल दिवा, अंगात पोटाचा एकही इंच लपवून न ठेवणारे कपडे आणि हातात अशी सायकल, की तिच्या नुसत्या सीटच्या किमतीत एकेकाळी अख्खी चेतक आली असती. आणि या मंडळींपुढे दर आठवड्याला तोच यक्षप्रश्न उभा असतो : या शनिवार-रविवारी मुक्कामी जायचं कुठे? या प्रश्नाची चर्चा चुकीच्या टोकापासून सुरू होते, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे जण शनिवार सकाळचा विचार करतात. ठरवायची असते ती रविवारची दुपार.

शनिवार सकाळच्या पक्षाचा मुख्य मुद्दा असतो ‘व्ह्यू’. रस्ता निसर्गरम्य हवा, मग बाकीचं बघून घेऊ. यावर पहिला आक्षेप असा, की सायकलवाल्याला निसर्ग दिसतो हा मोटारवाल्यांचा गैरसमज आहे. चालत्या सायकलवरच्या माणसाला दिसतो तो पुढच्या चाकासमोरचा दहा फूट रस्ता. जुलैतलं मावळ घ्या. भातलावणी चालू असते, चिखलणी आटोपलेला ट्रॅक्टर शेतातून डांबरी रस्त्यावर चढतो आणि पुढचे दोन-तीनशे मीटर टायरच्या नक्षीतून सुटलेली ओल्या चिखलाची ढेकळं ओळीने मांडत जातो. वरून भुरभुर पाऊस पडला की त्या ढेकळांचं लोणी होतं. त्यात पाण्याने भरलेले खड्डे. बोटभर खोल आणि हातभर खोल असे दोन्ही खड्डे वरून अगदी जुळ्या भावांसारखे दिसतात. अशा वेळी जो माणूस मान वर करून तिकोन्यावरचे ढग बघतो, तो पुढच्या क्षणी आडवा होऊन तेच ढग निवांत बघत असतो. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तिच्यासाठी रस्ते नव्याने गुळगुळीत केले गेले. परदेशी पाहुणा येणार म्हटल्यावर दिवाणखाना आवरणारी आपली संस्कृतीच आहे. शर्यतीच्या नावाआधी बजाजचं नाव लागलेलं होतं, म्हणजे एका अर्थी जुन्या हिशेबाची परतफेडही झाली. पण शर्यतीच्या वाटेवर नसलेला रस्ता अजून आपल्या घरच्यांसाठीच आहे, तेव्हा नजर खालीच ठेवलेली बरी. थोडक्यात, निसर्ग दिसतो तो पाय जमिनीवर टेकल्यावर, टपरीच्या बाकावर बसून, हातात कटिंग आल्यावर. आणि पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ यांतल्या कुठल्याही टपरीसमोर एक तरी डोंगर असतोच. निवडत बसावं इतकी डोंगरांची टंचाई आपल्याकडे नाही.

मग निवडायचं कशावरून? नदीवरून. आकुर्डी दोन नद्यांच्या मधोमध वसली आहे, दक्षिणेला पवना आणि उत्तरेला इंद्रायणी. दोघी पश्चिमेकडून, सह्याद्रीकडून येतात आणि पूर्वेला जातात. पाणी उताराकडे जातं हे चौथीच्या भूगोलात सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण त्याचा सुट्टीच्या बेताशी संबंध कोणी लावत नाही. शनिवारी नदीच्या उलट दिशेने जावं, रविवारी नदीबरोबर घरी यावं. यावर कोणी नकाशा उघडून म्हणेल, की लोणावळा पुण्याहून उंच ते केवढं, तर साठेक मीटर, आणि तेही साठेक किलोमीटरमध्ये. याला उतार म्हणायचं तर टेबलालाही म्हणावं लागेल. आक्षेप रास्त आहे. चढउतार त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी येतात, आणि नुसत्या उताराच्या जिवावर मी हा युक्तिवाद करत नाही. नदीच्या जोडीला वारा आहे. जून ते सप्टेंबर तो पश्चिमेकडून येतो आणि मावळात चांगला दम धरून येतो. उन्हाळ्यातही दुपार कलली की बहुधा पश्चिमेचाच झोत सुटतो. हिवाळ्यात तो एवढा मवाळ असतो की त्याला हिशेबात धरायचं कारण नाही. म्हणजे वर्षातले बहुतेक महिने शनिवारी वारा तोंडावर आणि रविवारी पाठीवर. शनिवारी पाय ताजे असतात, उत्साह दांडगा असतो, सोसतं. रविवारी मांड्यांनी संप पुकारलेला असतो आणि नेमका तेव्हा कोणीतरी मागून ढकलायला लागतं. यात आणखी एक मानसिक लाभ आहे. समोरचा वारा सगळ्यांना कळतो, त्याच्या नावाने बोटं मोडली जातात. पाठीमागचा वारा मात्र कोणालाच जाणवत नाही. त्या वेळी फक्त आपली तब्येत सुधारल्यासारखी वाटते. रविवारी घरी पोहोचताना आपण जरा दमदार झालो असं वाटायला लावणारा रस्ता, हाच माझ्या मते उत्तम रस्ता.

या कसोटीवर आजवरचे लाडके बेत घासून बघा. बोर घाटातून खोपोलीला उतरणं हा त्यांतला राजा. हा घाट 1830 पासून गाड्यांना खुला आहे, त्याची वळणं देखणी आहेत, पावसाळ्यात कड्याकड्यावरून पाणी कोसळत असतं, सगळं मान्य. पण लोणावळा सहाशे मीटरच्या वर आणि खोपोली समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटरवर. म्हणजे शनिवारी पाऊण तासात जी उंची उधळली, ती रविवारी एकेक पायडल मोजून परत भरायची. आधी उतार घेणं म्हणजे उधारीवर जेवणं आहे. जेवताना कोणालाच त्रास होत नाही. ताम्हिणीची गोष्ट तीच. मुळशीपर्यंत ठीक, पण ‘आता एवढे आलोच आहोत तर थोडं खाली उतरून बघू’ हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं, त्याला रविवारी दुपारी ते वाक्य सगळे मिळून परत ऐकवतात. या बाबतीत सिंहगडाची रचना माणुसकीला धरून आहे, चढ आधी आणि उतार नंतर. दुर्दैवाने आकुर्डी आणि सिंहगड यांच्या मध्ये पुणे आहे.

मध्ये काय आहे, हा दुसरा निकष. नदी आणि वारा दोन्ही बाजूने असून बेत फसतो तो इथे. राजगुरुनगरहून भीमेच्या काठाने चास, वाडा करत भोरगिरीकडे जाणारा रस्ता घ्या. नदी बरोबर, दिशा बरोबर, गर्दी बेताची, शेवटी भीमाशंकरचा डोंगर समोर उभा. काही म्हणता काही चूक नाही, फक्त जाताना आणि येताना मध्ये चाकण आहे. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात बावीस चाकांवर उभ्या असलेल्या कंटेनरच्या सावलीत ज्याने श्वास घेतला, त्याला भोरगिरीची शुद्ध हवा आणखी किती दिवस पुरणार? कारखान्याला वेळेवर सुटे भाग पोहोचवणाऱ्या ट्रकला रविवार माहीत नसतो. उलट लोणावळ्याकडच्या मोटारींना फक्त रविवारच माहीत असतो. भुशी धरणावर भिजून, चिक्की घेऊन, मुलांना मागे झोपवून निघालेलं अर्धं पुणे संध्याकाळी जुन्या महामार्गावर असतं. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, त्यामुळे आपल्या वाट्याला जुनाच रस्ता येतो, आणि तिथे रविवारी सूर्यास्ताच्या सुमाराला सायकलवाला हा वाहतुकीचा घटक उरत नाही, अडथळा होतो. म्हणून पोहोचायचं कधी यापेक्षा तळेगाव ओलांडायचं कधी, हे आधी लिहून काढावं.

इथे कोणी स्थानिक मला हटकून अडवेल : “अहो, शनिवार-रविवार कोणाचा? आमची सुट्टी गुरुवारी!” बरोबर आहे. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत आणि वर्कशॉपांत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, आणि सायकलच्या दृष्टीने हे लोक भाग्यवान आहेत. लोणावळा रिकामं, धरणं रिकामी, भजीवाला स्वतःहून हाक मारतो. फक्त त्यांनी एक गाठ मारून ठेवावी. गुरुवार हा साईबाबांचा वार आहे आणि सोमाटणे फाट्याजवळ शिरगावला प्रतिशिर्डी आहे. जगाच्या गर्दीतून सुटका करून घ्यायला निघालेला माणूस त्या दिवशी नेमका तिथे भाविकांच्या गर्दीत सापडतो. अर्थात ही गर्दी निदान हॉर्न कमी वाजवते.

अंतराच्या बाबतीत आकुर्डीकरांना बाहेरच्या कोणाकडून शिकण्याची गरजच नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी देहूहून निघते आणि देहू सोडल्यावरचा पहिला मुक्काम करते तो आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर. पंढरपूर गाठायचं आहे, अडीच-तीन आठवडे चालायचं आहे, आणि पहिल्या दिवशी मात्र एवढंसंच. शतकानुशतकं पायी चालणाऱ्यांनी ठरवलेला हा टप्पा आहे. आमचे सायकलवीर पहिल्याच दिवशी शंभर किलोमीटरची ‘सेंच्युरी’ ठोकतात आणि मग मुक्कामाच्या गावी निसर्गाकडे पाठ करून झोपतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपवण्याच्या ब्रेव्हे नावाच्या राइडही असतात. त्यांचं कौतुकच आहे, पण तिथे कोणी देखावा बघायला जात नाही, शिक्का मारायला जातं. वारीतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पालखी पंढरपूरहून परतही येते, चालतच येते. जाताना तिच्या बातम्या, फोटो, रांगोळ्या. येताना थोडेसे वारकरी आणि मोकळा रस्ता. परतीचा प्रवास कोणी बघत नाही म्हणून तो नसतोच, असं धरून चालण्याची आपली ही सवय फार जुनी दिसते.

आता राहिलेले आक्षेप. पहिला पक्ष म्हणतो, सायकली मोटारीमागे टांगू, थेट ताम्हिणीच्या माथ्यावर उतरवू, हवं तेवढं फिरू आणि मोटारीने परत येऊ. मग रविवारचा प्रश्नच मिटला. मिटत नाही. तो फक्त सायकलवरून मोटारीत जाऊन बसतो. पौडच्या अलीकडे रांगेत उभी असलेली मोटार आणि तिच्या पाठीला टांगलेली, त्याच रांगेतून सहज निसटू शकली असती अशी सायकल, हे दृश्य व्यंगचित्रकारासाठी सोडून देऊ. दुसरा पक्ष शुद्धतावादी. परतताना लोकल पकडणं म्हणजे लबाडी, सायकलने गेलो तर सायकलनेच आलं पाहिजे. स्ट्रावावर अर्धी रेघ कशी दाखवायची? यावर माझं उत्तर एवढंच, की लोणावळ्याच्या वाटेला कान्हे, कामशेत, मळवली अशी स्टेशनं ओळीने मांडून ठेवली आहेत ती काही सजावट म्हणून नाही. जवळ लोकल आहे म्हटल्यावर माणूस बहुधा ती पकडत नाही, पण निर्धास्त चालवतो. पंक्चरचं सामान बाळगणाऱ्याला लबाड कोणी म्हणत नाही. तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे : असा हिशेब करून निघालं तर भटकण्यातली मजाच गेली, वाट चुकण्याचं सुख गेलं. वाट चुकण्याबद्दल निश्चिंत असा. बेबडओहोळच्या पुढे फोनची रेंज आणि गावांच्या पाट्या यांचं जे काही चालतं, त्यात ते सुख सगळ्यांना समान वाटलं जातं. शिवाय, शनिवारी मनसोक्त चुकता यावं म्हणूनच रविवार बांधून ठेवायचा असतो.

तर माझी शिफारस. शनिवारी उजाडता निघायचं, देहू रोडवरून सोमाटणे फाटा, तिथून डावीकडे वळून परंदवडी, बेबडओहोळच्या बाजूने पवनेचा माग काढत पवनानगर. एकूण तीस-पस्तीस किलोमीटर, म्हणजे ज्यांना सेंच्युरीची सवय आहे त्यांना लाज वाटेल एवढंच. समोर पवना धरण, बाजूला तिकोना आणि तुंग, हातात संपूर्ण दुपार. बाटलीत जे पाणी आकुर्डीच्या नळावरून भरून आणलं ते याच धरणातलं. नदीने रावेतपर्यंत आणून दिलेलं पाणी आपण चढावर, वाऱ्याविरुद्ध, घाम गाळून परत धरणाकाठी नेऊन पितो. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागालाही हे सुचलं नसतं. जेवायला मावळातला इंद्रायणी तांदूळ मागावा, तो 1987 साली जवळच्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला आहे, आणि त्याच्या पिठल्याबरोबरच्या दुसऱ्या ताटानंतर कोणी ‘अजून थोडं पुढे जाऊ’ म्हणत नाही, हा त्याचा नियोजनातला मोठा वाटा. रविवारी लवकर उठून कामशेतकडे निघावं. अंगात जोर असेल तर तिथून जुन्या महामार्गाने वारा पाठीवर घेऊन घर, नसेल तर स्टेशन.

फक्त निघण्याआधी कामशेतहून सुटणाऱ्या लोकलच्या वेळा कागदावर उतरवून घ्या. दुपारच्या वेळी गाड्या विरळ असतात. आणि रविवारी दुपारी दोन वाजता तुम्ही अजून धरणाकाठी भजी मागवत असाल, तर घरी फोन करून रात्रीच्या जेवणाला थांबू नका म्हणून सांगा.