प्रभूने मनात घातलंय

आमच्या मंडळीतल्या ब्रदरांना स्वतःचं असं मत नाही. रश्श्यात मीठ कमी पडलंय, एवढंच ते स्वतःच्या जबाबदारीवर सांगतात. बाकी सगळं प्रभू सांगतो. जुनी गाडी विकली, तेव्हा प्रभूने मनात घातलं होतं. नवी घेतली ती पांढरीच, कारण उपवास-प्रार्थनेत तसा रंग दिसला. त्याच आठवड्यात पांढऱ्या गाडीवर सवलत निघाली, हा वरून दुजोरा.

पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या एखाद्या वाडीवर प्रार्थनासभा असली, की ‘प्रभू दार उघडत नाही ओ.’ मे महिन्यात पन्हाळ्याला शिबिर असलं, की तेच दार सताड उघडं. प्रभूला कोल्हापूरचं हवामान चांगलं ठाऊक आहे. बायबलातल्या योना संदेष्ट्याला देवाने निनवेला धाडलं, तर तो तार्शीशच्या तारवात जाऊन बसला. पण त्या बिचाऱ्याने भाडं स्वतः भरलं आणि पळतोय ते पळतोय म्हणूनच पळाला. देवानेच तिकीट काढून दिलं, असं तो कुणाला म्हणाला नाही.

गंमत म्हणजे शपथेच्या बाबतीत ब्रदर फार कडक. नातू ‘देवाशपथ, चॉकलेट मी नाही खाल्लं’ म्हणाला, की कान धरून दहा आज्ञांतली तिसरी म्हणायला लावतात. देवाचं नाव व्यर्थ घ्यायचं नाही! आणि मुलीला सांगून आलेलं चांगलं स्थळ मात्र त्याच नावावर परत पाठवलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, मिरजेला नोकरी. मुलीलाही पसंत. ‘प्रभूकडून शांती मिळेना,’ ब्रदर म्हणाले. मुलाच्या काकांशी त्यांचं बांधावरून जुनं भांडण आहे, हे अख्ख्या मंडळीला माहीत होतं. पण बोलणार कोण? नुसतं ‘नको’ म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं, कारणावर चार माणसं बोलली असती. प्रभूचं नाव पुढे केलं, की वाद घालणाऱ्याला थेट वरच जावं लागतं. मुलगी दोन दिवस जेवली नाही. त्याबद्दल प्रभू काही बोलल्याचं ऐकिवात नाही.

याच कोल्हापुरात 1852 साली रॉयल वायल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने काम सुरू केलं. त्याचा मुलगा रॉबर्ट इथलाच, इथेच जन्मलेला. पुढे 1886 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मनच्या शिबिरात त्याच्या खटपटीने शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्याला जाण्याचा संकल्प केला. त्या संकल्पात देवाने परवानगी दिली तर, अशी अट होती. घरदार सोडून निघालेल्या पोरांनी देवाने ‘नाही’ म्हणावं, एवढी जागा ठेवली होती. आमच्या ब्रदरांना रंकाळ्यावर फिरायला जायलासुद्धा पक्का हुकूम आलेला असतो.

अलीकडे पंच कमिटीच्या खजिनदाराची जागा रिकामी झाली. ती आपण घ्यावी, असं प्रभूने ब्रदरांना पहाटे तीनला उठवून सांगितलं. नेमकं तेच, त्याच आठवड्यात, दुसऱ्या एका सभासदालाही सांगितलं. पाळकसाहेब मुरलेले. यहूदाची जागा भरताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून मत्थियाला निवडलं होतं, याची त्यांनी शांतपणे आठवण करून दिली. ब्रदर गडबडले. रोज सकाळी डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी आलं म्हणायचं, हा त्यांचा नेम; देवळात गुरव कौल लावतो त्यापेक्षा फार निराळा नाही. पण चिठ्ठीचं नाव काढल्यावर म्हणाले, ‘ते जुन्या काळात ठीक होतं ओ साहेब.’

चिठ्ठी निघाली ती दुसऱ्याच्या नावाची.

‘गिदोनानं दोनदा खूण मागितलेली,’ ब्रदर म्हणाले. मुद्दा शास्त्राला धरून होता, पाळकसाहेबांना मानावा लागला. दुसऱ्यांदाही तेच नाव निघालं.

ब्रदरांनी डोळे मिटले, ओठ हलवले. बाहेर चहा थंड होत होता. मग त्यांनी डोळे उघडून विचारलं, ‘हिशेब तपासनीस कोण आहे सध्या?’